कमिटीचा अध्यक्ष कोण, ते आधी बघ

चि. सौभाग्यकांक्षिणी,

अनेक आशीर्वाद. पत्र आणि सोबतची पानं वाचली. बाजारपेठेच्या प्रकरणापर्यंत तुझा हात मोकळा चालला आहे, आणि मुलींच्या शाळेपाशी येऊन अडला आहे. ज्या माणसाने बॉस्टन शहर उभं केलं त्यानेच ती शाळा बंद केली, मग त्याला मोठा कसा म्हणू, असं तू विचारतेस. बॉस्टनचा हा महापौर, जोसाया क्विन्सी, मोठा की लहान हे ठरवणं तुझ्या प्रबंधाचं काम नाही. कमिटीचा अध्यक्ष कोण होता, ते आधी बघ. मग बाकीचं बोलू.

बॉस्टनला शहराचा दर्जा देणारी १८२२ ची सनद तू एका परिच्छेदात उरकली आहेस, तिथेच पाया कच्चा राहिला. तोवर बॉस्टन कायद्याने 'टाऊन' होतं. १८२० च्या शिरगणतीत तिथे ४३,२९८ माणसं होती आणि कारभार मात्र खेड्यासारखा, सर्व मतदारांच्या खुल्या सभेतून चालायचा. आरोग्य, गरिबांची व्यवस्था, आगीचा बंदोबस्त या प्रत्येकासाठी निवडून आलेली वेगवेगळी माणसं, आणि कोणाचा कोणाशी मेळ नाही. सनदेने महापौर दिला, ८ आल्डरमन, म्हणजे नगरकारभाराच्या वरच्या सभेचे सदस्य, दिले, आणि १२ वॉर्डांतून प्रत्येकी ४ असे ४८ जणांचं कॉमन कौन्सिल दिलं. महापौराच्या हाती काय? आल्डरमनांच्या सभेचं अध्यक्षपद. नकाराधिकारही नाही, तो १८५४ च्या सनदेपर्यंत आला नाही. पहिला महापौर जॉन फिलिप्स याने वर्षभर जपून कारभार केला, जुन्या मंडळांना धक्का लावला नाही.

१ मे १८२३ ला क्विन्सी आला तो याच सनदेखाली. अधिकार तेवढेच. त्याने काय केलं, तर आल्डरमनांच्या सगळ्या कमिट्यांचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. पुढची पावणेसहा वर्षं या एका गोष्टीतून निघाली आहेत आणि तू ती तळटीपेत टाकली आहेस! तिला प्रकरणाच्या पहिल्या ओळीत आण. आणि 'दूरदृष्टीचा शिल्पकार' हे शब्द खोडून टाक. तसले शब्द कोणत्याही महापौराला चिकटवता येतात. सगळ्या कमिट्या स्वतःच्या अंगावर घेणारा मात्र हा एक आहे.

बाजाराचं प्रकरण चांगलं आहे, पण पैशाच्या बाजूने लंगडं. इमारतीची मापं बरोबर आहेत: लांबी ५३५ फूट, रुंदी ५० फूट, दोन मजली, ग्रॅनाइटची, वास्तुविशारद अलेक्झांडर पॅरिस. कोनशिला २७ एप्रिल १८२५ ला बसली आणि २६ ऑगस्ट १८२६ ला बाजार उघडला. पण इमारत हा कामाचा शेवटचा आणि सोपा भाग. त्याआधी फॅन्युइल हॉल या जुन्या बाजार-सभागृहाच्या मागची गोदी आणि धक्के यांचे अनेक मालक होते. प्रत्येकाशी सौदा करायचा, विधिमंडळाकडून अधिकार मिळवायचा, पाण्यात भराव घालून जमीन करायची, ६ नवे रस्ते आखायचे, आणि मग बाजाराच्या दोन्ही अंगांचे भूखंड लिलावात विकायचे. विकतानाही अट अशी की समोरचा दर्शनी भाग ठरवून दिलेल्या नमुन्याचा, ग्रॅनाइटचाच हवा. त्या विक्रीच्या पैशाने खर्च भागवायचा, हा बेत होता. एकूण खर्च अकरा लाख डॉलरच्या वर गेला. नागरिकांवर नवा कर बसला नाही, हा क्विन्सीचा अभिमान खरा आहे. पण कर बसला नाही म्हणजे कर्ज काढलं नाही, असं तू लिहिलं आहेस ते चूक. कर्ज निघालं होतं आणि त्याच कर्जावर विरोधक निवडणुकीत बोलले. कर आणि कर्ज यांचे दोन वेगळे रकाने केल्याशिवाय हे प्रकरण मला पुन्हा दाखवू नकोस.

रस्तेसफाईला आणि गटारांना जास्त जागा दे. लोक बाजाराचे फोटो काढतात, गटाराचे काढत नाहीत, म्हणून अभ्यासकही तिकडे फिरकत नाहीत. रस्ते शहराच्या खर्चाने झाडून घेणं, त्यासाठी स्वतःची माणसं आणि गाड्या ठेवणं, १८२३ मध्ये सिटी मार्शल हे शहराच्या पोलीस-अंमलदाराचं पद निर्माण करून त्यावर बेंजामिन पोलार्डला बसवणं, आणि तोवर घरमालक आपापसात बांधत आलेली गटारं शहराने हाती घेणं, ही सगळी कामं पहिल्याच वर्षातली. पाण्याचंही त्याने १८२५ मध्ये डॅनियल ट्रेडवेलकडून सर्वेक्षण करवून घेतलं. त्यातून काही झालं नाही. पाणी आलं ते १८४८ मध्ये, त्याच्याच नावाचा त्याचा मुलगा महापौर असताना. बापलेकांची नावं सारखी आहेत, आणि तुझ्या एका पानावर लेकाचं पाणी बापाने आणलं आहे. तारीख पाहिल्याशिवाय 'महापौर जोसाया क्विन्सी' एवढंच कुठे लिहू नकोस.

अग्निशमनाचं काम मात्र त्याला महाग पडलं. तोवर बंबांच्या कंपन्या स्वयंसेवकांच्या होत्या. प्रत्येकीचा आपला मान, आपली चढाओढ. आगीच्या जागी माणसांची रांग करून बादल्या हातोहात द्यायच्या. क्विन्सीने न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाची पद्धत बघितली, नळीवर भर दिला, पाण्याचे हौद बांधायला घेतले आणि १८२५ मध्ये सगळं एका मुख्य अभियंत्याच्या हाताखाली आणलं. काम चोख झालं. पण बंबवाले ते विसरले नाहीत.

आता शाळा. १८२६ मध्ये मुलींचं हायस्कूल सुरू झालं, मास्तर एबेनेझर बेली. जागांच्या दुपटीहून जास्त मुली प्रवेशाला आल्या. मुलग्यांच्या इंग्लिश हायस्कूलमधून पोरं मध्येच गळायची, कामधंद्याला लागायची. मुली गळेनात. म्हणजे पुरा अभ्यासक्रम चालवायचा तर खर्च दरवर्षी चढत जाणार. क्विन्सीने हाच हिशेब मांडला आणि १८२८ मध्ये शाळा बंद झाली. शाळा फार यशस्वी झाली म्हणून बंद पडली, हे तुझं वाक्य बरोबर आहे, ते बदलू नकोस. त्याला पुस्ती एवढीच जोड की त्याच सुमारास मुलींना प्राथमिकच्या वरच्या ग्रामर शाळांत बारा महिने बसण्याची मुभा मिळाली. तोवर त्यांना तिथे वर्षातले काही महिनेच प्रवेश होता. ही भरपाई म्हणून लिहू नकोस, घडलं म्हणून लिही.

आणि कमिटीचा अध्यक्ष कोण होता? शाळा समितीत महापौर, आल्डरमन आणि प्रत्येक वॉर्डातून एक सदस्य असे २१ जण बसायचे, आणि खुर्चीत महापौर. बाजाराच्या कमिटीत जो खुर्चीत होता तोच इथेही होता. ज्या सवयीने त्याने गोदी बुजवली त्याच सवयीने शाळेचं दार लावलं: हिशेब स्वतः करायचा, निर्णय स्वतः घ्यायचा, दोष दुसऱ्यावर ढकलायचा नाही. बाजार त्याचा आणि शाळा 'काळाची मर्यादा', अशी वाटणी तुला करता येणार नाही. मी ती बरीच वर्षं केली. शाळेला दोन ओळी देऊन पुढे सरकत आलो, कारण मला बाजार आवडतो, गटारं आवडतात, आणि कामाचा माणूस नियमांच्या माणसांकडून हरतो याची मला चीड आहे. ती चीड मला अजून चुकीची वाटत नाही. दोन ओळी मात्र चुकीच्या होत्या.

डिसेंबर १८२८ च्या निवडणुकीतल्या त्याच्या पराभवाचं कारण तू एकट्या शाळेवर ठेवलं आहेस. तसं नाही. बंबवाले, कर्जाला घाबरलेले करदाते, 'टेकडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतल्या दारू-नाचघरांवरच्या धाडींनी दुखावलेले लोक, आणि मुलींचे पालक असे सगळे एकत्र आले. शिवाय नियम लक्षात घे: नुसती जास्त मतं पुरत नव्हती, निम्म्याहून जास्त लागायची. दोनदा मतदान झालं, दोन्ही वेळा तो तेवढ्यापर्यंत पोचला नाही, आणि त्याने माघार घेतली. पुढचा महापौर हॅरिसन ग्रे ओटिस. १८२२ मध्ये या दोघांनीच एकमेकांना बहुमत मिळू दिलं नव्हतं आणि त्यातून फिलिप्स आला होता, ही गोष्ट इथे परत आठवून दे. सहा वेळा निवडून आला म्हणून 'सहा वर्षं' लिहू नकोस. मध्यंतरी निवडणूक एप्रिलवरून डिसेंबरवर गेली, त्यामुळे एक मुदत आखूड झाली.

शेवटची अडचण त्याच्या स्वतःच्या पुस्तकाची. हार्वर्डचं अध्यक्षपद १८४५ ला सोडल्यावर, १८५२ मध्ये त्याने बॉस्टनच्या नगरकारभाराचा इतिहास छापला. तू त्यावर फार विसंबली आहेस. आकड्यांसाठी तो घे, कारण आकडे त्याने जपून ठेवले होते. हेतूंसाठी घेऊ नकोस, ऐंशी वर्षांचा माणूस आपल्याच कारकिर्दीची बाजू मांडतो आहे. शाळेच्या प्रकरणात तर त्याच्याशेजारी बेलीने छापलेलं उत्तर ठेवल्याशिवाय एक ओळही लिहू नकोस.

आधी प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहून काढ: तारीख, कमिटी, अध्यक्ष, पैसा कुठून. शाळेपासून सुरू कर, बाजारापासून नको. तेवढं कोष्टक झालं की पाठव, प्रकरण नंतर बघू.