उघडून ऐकलंस का?

चिपळूण, श्रावण

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तासभर विचारत होतीस. ड्राइव्ह कोणती घेऊ, क्लाउडचे पैसे भरू का, अख्खं प्रोजेक्ट ठेवू की नुसते ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचे-गळ्याचे वेगळे आवाज, ठेवू. शिमग्यात रेकॉर्ड केलेलं तुमच्या गावचं नमन, आपलं कोकणातलं लोकनाट्य, नव्या लॅपटॉपवर उघडलंस आणि बारांपैकी पाच ट्रॅक मुके निघाले, म्हणून तू घाबरलीस. बरं झालं घाबरलीस. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर ते पाच ट्रॅक अजून आहेत. मी घाबरायच्या आत माझं सगळं जाऊन चुकलं होतं.

ड्राइव्हचं नंतर बघू. आधी एवढंच सांग, ज्या प्रतीला तू बॅकअप म्हणतेस ती दुसऱ्या मशिनवर उघडून, शेवटपर्यंत ऐकलीस का?

२०१८ च्या शिमग्यात मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत दोन दिवस नमन-खेळे रेकॉर्ड केले. मृदंगावर एक आजोबा होते, ऐंशीच्या घरातले. गणाला सुरुवात व्हायच्या आधी ते एकटेच पाचेक मिनिटं वाजवत, आणि संकासुराचं सोंग आत येईपर्यंत अंगणात कुणी बोलत नसे. पुढे दोन वर्षांनी ते गेले. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि माझी तळमजल्यावरची खोली छपरापर्यंत भरली. कॉम्प्युटर गाळात गेला. पण मी निश्चिंत होतो. २००५ चा पूर मी पाहिलेला होता, म्हणून तीन प्रती ठेवल्या होत्या. एक वरच्या मजल्यावर, एक गुहागरला बहिणीकडे, एक रत्नागिरीला मित्राकडे. तिन्ही कोरड्या राहिल्या.

ऑगस्टमध्ये उसन्या लॅपटॉपवर पहिली लावली. फाइल सापडत नाही. दुसरी लावली, तेच. तिसरीही तशीच. पहिल्या दिवशी सेशनची, म्हणजे प्रोजेक्ट ठेवलेली, ड्राइव्ह भरत आली होती, तेव्हा मी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर वळवलं होतं आणि नंतर विसरलो होतो. प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज नसतो गं, आवाजाचा पत्ता असतो. माझ्या मशिनवर तो पत्ता खरा होता, म्हणून तीन वर्षं सगळं नीट वाजत राहिलं. मी तीन ठिकाणी तीन वेळा नुसता पत्ता जपला. मृदंग होता तो एकाच डिस्कवर, आणि ती डिस्क गाळात होती.

आजोबांचा मुलगा आला तेव्हा मी त्याला सांगितलं, पुरात गेलं. सगळ्या गावाचं काही ना काही पुरात गेलं होतं, त्यानेही मान हलवली. ते खोटं होतं. पाण्याने एक प्रत नेली होती. बाकीच्या तीन मी पहिल्यापासूनच रिकाम्या ठेवल्या होत्या. हे त्याला सांगायला मला वर्ष लागलं.

म्हणून, उघडून ऐक. चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढते म्हणालीस, जरूर काढ. प्रत करताना एक बिट जरी बदलला तरी आकडा बदलतो आणि चूक कळते. पण माझ्या तिन्ही प्रतींचे चेकसमही तंतोतंत जुळले असते. प्रत मुळाबरहुकूम आहे एवढंच तो सांगतो, मूळच अपुरं असेल तर त्याला काय कळणार? ते कानालाच कळतं.

आता तुझं काम. सॉफ्टवेअरमध्ये सगळा ऑडिओ प्रोजेक्टच्या फोल्डरात गोळा करायची सोय असते, ती आधी वापर. पण तेवढ्यावर थांबू नकोस. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत, मधली शांतता धरून, अखंड वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढ, कसलाही इफेक्ट न लावता. मग सॉफ्टवेअर कुठलंही असो, बाराही फाइली एका रेषेत लावल्या की नमन उभं राहतं. पेटी मिडीवर वाजवली असशील, म्हणजे आवाज नाही, नुसत्या सुरांच्या सूचना नोंदल्या असतील, तर तिचाही आवाज करून ठेव. प्लगिनवर, म्हणजे वाद्याचा आवाज किंवा इफेक्ट देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरवर, विसंबू नकोस, ती माणसापेक्षा आधी म्हातारी होतात. २०१९ साली मॅकच्या नव्या आवृत्तीवर ३२ बिटचं सॉफ्टवेअर चालणंच बंद झालं, आणि कितीतरी जुनी सेशन्स मुकी झाली. तयार मिक्सही वेगळा ठेव. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल हवी. वाडी कुठली, तारीख काय, कोण गायलं, मृदंगावर कोण, सूर काळी दोन की पांढरी चार, माइक कुठे होता. फाइलच्या नावात 'फायनल' लिहू नकोस, तारीख लिही.

जागेची काळजी सोड. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे ५२० एमबी घेतो. तुझे बारा ट्रॅक, दोन तास, म्हणजे साडेबारा जीबी. एवढ्यासाठी एमपी३ करून ठेवायचा विचार तुझ्या मनात आला तरी कसा?

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केला, आणि तो चांगला आहे. घराबाहेरची प्रत मात्र त्याच नदीकाठी नको. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, म्हणून एकमेव प्रत क्लाउडवरही नको. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इथे चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं. एसएसडी, म्हणजे चिपवाली ड्राइव्ह, कपाटात वर्षानुवर्षं विजेविना ठेवू नकोस. आपल्या खाऱ्या दमट हवेत हार्ड ड्राइव्हही उघडी नको, डब्यात सिलिका जेल घालून ठेव. आणि दर पावसाळ्याआधी प्रत्येक प्रत उघडून ऐक.

मी प्रत्येक कामानंतर दोन संध्याकाळी फक्त यासाठी देतो आणि त्यांचे पैसेही लावतो. यावरून गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली आहेत. भजनी मंडळी म्हणतात, पेन ड्राइव्ह द्या आणि मोकळे व्हा. मी देत नाही. मी हट्टी झालोय असं माझ्याच घरात बोलतात. बोलू देत. त्या मुलासमोर मी बसलो होतो, ते नव्हते.

जुना लॅपटॉप अजिबात फॉरमॅट करू नकोस, विकूही नकोस. रविवारी सकाळच्या एसटीने ये. तो लॅपटॉप आण आणि बाहेर काढलेल्या वेव्ह फाइलींची ड्राइव्हही आण. माझ्या मशिनवर तुझं सॉफ्टवेअर नाही, तुझं एकही प्लगिन नाही. तिथेच लावू. दोन तास लागतील, जेवायलाच थांब.

तुझा,
काका