कोलकात्याच्या लाल बाजार बाप्टिस्ट चर्चचा इतिहास काय? तिथल्या सर्व पाळकांची क्रमवार यादी कुठे मिळेल?

यादी मागितलीत म्हणूनच लिहायला बसले. चर्च कधी सुरू झालं आणि पहिल्यापासून आजवरचे पाळक कोण, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. 1 जानेवारी 1809 रोजी कलकत्त्याच्या बोबाजार रस्त्यावर हे चॅपेल उपासनेसाठी उघडलं. लाल बाजार चॅपेल हे त्याचं जुनं नाव. आता त्याला केरी बाप्टिस्ट चर्च म्हणतात, आणि रस्त्यालाही आता बिपिन बिहारी गांगुलींचं नाव आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धंच देणार आहे. पाळकांची यादी म्हणजे मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांचा, इतिहास हे मला मान्य नाही. या एका मुद्द्यावरून आमच्या घरात मोठं भांडण झालेलं आहे, तेही सांगते.

मी स्वतः बाप्टिस्ट नाही. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं, म्हणजे आताच्या सीएनआयमधलं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हा काही वर्षं आम्ही रविवारी याच चर्चमध्ये उपासनेला जात होतो. माहेरी फोनवर सांगितलं तर सगळे म्हणायचे, "अगं, बाप्टिस्टांकडे कशाला? आपल्यातलं काही नाही का तिथे?" आपल्यातलं किती आहे ते ऐका.

1812 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली: अदोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि लूथर राइस. पाचही जण काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे. दोन वेगवेगळ्या जहाजांनी ते कलकत्त्याला निघाले. तिथे इंग्रज मिशनरी विल्यम केरीच्या बाप्टिस्टांशी गाठ पडणार, बाप्तिस्म्यावरून वाद होणार, म्हणून जडसनने बोटीवरच नव्या करारातली त्या विषयाची वचनं तपासायला घेतली. तपासता तपासता त्यालाच पटलं की बाप्तिस्मा जाणत्या माणसाने, स्वतः विश्वास धरून, पाण्यात बुडून घ्यायचा असतो. ज्या बोर्डाने पाठवलं त्याला त्याने तसं कळवून टाकलं. नुकतंच लग्न झालेलं, पगाराचा आधार गेलेला, आणि कंपनी सरकार तर देशात राहूच देईना. अशा दिवसांत 6 सप्टेंबर 1812 रोजी लाल बाजारच्या चॅपेलमध्ये केरीचा सोबती विल्यम वॉर्डने जडसन आणि त्याची बायको ॲन यांना बाप्तिस्मा दिला. नोव्हेंबरात त्याच ठिकाणी लूथर राइसनेही बाप्तिस्मा घेतला. जडसन पती-पत्नी ब्रह्मदेशात गेली. राइस अमेरिकेत परतला आणि गावोगाव फिरून त्याने तिथल्या बाप्टिस्टांना मिशनसाठी एकत्र आणलं. 1814 साली फिलाडेल्फियात त्यांचं पहिलं देशव्यापी अधिवेशन भरलं.

आता हॉल आणि नॉट. ते दोघेही त्या पावसाळ्यात कलकत्त्यातच होते. सोबती एकेक करून बाप्टिस्ट होताना ते बघत होते आणि आपल्या मताला धरून राहिले. कंपनीने त्यांना परत जायचा हुकूम दिला होता, तो चुकवून ते जहाजात बसले आणि 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. हॉल 1826 साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. 1831 साली मिशन नगरला आलं, आणि त्यानंतर केव्हातरी माझ्या आईचे पूर्वज. लाल बाजारच्या त्या पाण्यात गॉर्डन हॉलही उतरला असता तर नगरला कोण आलं असतं? मी तिथे बसले की हटकून हाच विचार यायचा. तुमच्या यादीत यातलं काहीही येणार नाही, कारण जडसन, राइस, हॉल, नॉट यांच्यातला एकही त्या चर्चचा पाळक नव्हता.

बरं, पाळक. सुरुवातीला एक पाळक असा नव्हताच. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे श्रीरामपूरचे तिघे मिळून पाळकपण सांभाळत. (श्रीरामपूर म्हटल्यावर आपल्याकडच्यांना नगर जिल्ह्यातलं आठवतं, हे हुगळीकाठचं.) ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, म्हणून 1800 च्या जानेवारीपासून केरी तिथे राहिला. त्याच वर्षी 24 एप्रिलला श्रीरामपूरची मंडळी स्थापन झाली. लाल बाजार ही तिचीच फांदी. केरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायला आठवड्यातले काही दिवस कलकत्त्याला यायचाच. 1825 च्या सुमारास जावा-सुमात्रात काम करून आलेला विल्यम रॉबिन्सन लाल बाजारचा पाळक झाला. बरीच वर्षं राहून तो ढाक्याला गेला. पुढची नावं चर्चच्या दप्तरात आहेत.

एवढ्यावर तुमचं भागत असेल तर भागलं. माझं मात्र भागत नाही.

आमच्या गावच्या मंडळीला शंभर वर्षं झाली तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं. गावाचं नाव लिहीत नाही, नगरचे वाचक ओळखतील. कमिटीचे सेक्रेटरी माझे सख्खे मामा. त्यांनीच मला सांगितलं, "तू लिहितेस चांगलं, मंडळीचा इतिहास तू लिही." मी सुट्टी काढून गेले. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, पंच कमिटीच्या सभांचे वृत्तांत, सगळं वाचून काढलं. म्हाताऱ्या बायांच्या घरी बसून विचारून घेतलं.

त्यात एक गोष्ट लख्ख दिसली. पाळकसाहेब मुळात चार-पाच गावांना मिळून एक, महिन्याकाठी एखादा रविवार आमच्याकडे. शिवाय मधली काही वर्षं तर पाळक नेमलाच गेला नव्हता. वहीत सरळ लिहिलंय, "पाळक नाहीत." आणि त्याच वर्षांतली शब्बाथशाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेची, हजेरी बघा, मुलांची नावं पानभर! उपासना एका रविवारीही बंद पडली नाही. मग चालवली कोणी? माझ्या आजीने. आजी बायबलबाई होती. मिशनकडून थोडेसे पैसे मिळायचे, त्यावर ती आसपासच्या वाड्यावस्त्यांवर चालत जायची. बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायची, पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची, अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात न्यायची. संध्याकाळी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कंदील लावून वचन वाचायची, प्रार्थना करायची, गायन सांगायची. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) तिला देता येत नव्हतं, तेवढं सोडून सगळं तिने केलं. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. एक झाडलोट आणि घंटा बघायची, दुसरी घरोघर फिरून मूठमूठ धान्य गोळा करायची, ते विकून छपराचे पत्रे आले. तिघींचीही नावं मी लिहिली. सलग चार पानं झाली होती.

स्मरणिका छापून आली. आत पाळकांचे फोटो, प्रत्येकाखाली साल. मधल्या वर्षांपुढे "पद रिक्त" एवढे दोन शब्द. माझी चार पानं नाहीत.

मामांना विचारलं तर म्हणाले, "आपल्याच आईचं नाव छापलं असतं तर लोक म्हणाले असते, सेक्रेटरीने घरची जाहिरात केली."

मी म्हटलं, "मामा, मग बाकी दोघींचं का काढलंत? त्या तर आपल्या कोणी नव्हत्या."

"पानं मोजकी होती. आणि बायकांनी केलं ते सगळ्यांच्याच बायका करतात. मंडळीचा इतिहास म्हणजे मंडळीचे मेंढपाळ."

हे बोलणारा माणूस त्याच बाईच्या पदराला धरून त्या देवळात शिकला होता! मामांना मी आयुष्यभर मान दिलाय आणि आजही देते. पण ते वाक्य चूक होतं. त्यांना दुखवायचं नाही म्हणून मी तेव्हा गप्प बसले, आता बसणार नाही.

लाल बाजारकडेच बघा. रविवारी तिथे बसत कोण होतं? पोर्तुगीज वंशाची गरीब कुटुंबं, आर्मेनियन, किल्ल्यातले शिपाई, बंगाली नवख्रिस्ती. करापेट अराटून नावाचा आर्मेनियन त्या मंडळींतूनच पुढे आला आणि प्रचारासाठी सुरतेपर्यंत गेला. तिथे बंगालीत उपदेश करणाऱ्यांत कृष्ण पाल होता, श्रीरामपूरचा सुतार. त्याचा हात निखळला, मिशनच्या डॉक्टर थॉमसने बसवला, तिथून ओळख वाढली आणि 28 डिसेंबर 1800 रोजी हुगळीत त्याचा बाप्तिस्मा झाला. बंगालच्या बाप्टिस्ट मिशनचा हा पहिला हिंदू. त्याने स्वतःच्या पैशाने घराजवळ प्रार्थनाघर बांधलं. 1803 साली त्याच्या मुलीचं लग्न कृष्णप्रसाद नावाच्या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाशी झालं. सुताराची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा, साल 1803! कृष्ण पालची मेहुणी जयमणी हिने जानेवारी 1801 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्या मिशनमधली ती पहिली बंगाली स्त्री. हॅना मार्शमनने शाळा चालवल्या, त्या फीवर मिशनचा बराच संसार चालला. यातली एकही व्यक्ती पाळकांच्या यादीत येत नाही.

मराठी माणसाने तर हे विसरूच नये. केरीचं मराठी व्याकरण 1805 चं, त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं गेलं, 1810 साली मोडी अक्षरातला कोश आला. मराठी छपाईच्या इतिहासात ही पानं अगदी सुरुवातीची आहेत. पण केरीला मराठी शिकवलं कोणी? पंडित वैजनाथ यांनी. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीचे मुख्य पंडित होते. 1814 ची सिंहासनबत्तिशी त्यांचीच. ते ख्रिस्ती झाले नाहीत, कुठल्या मंडळीचे सभासद नव्हते. आमच्या शाळेत "केरीने मराठी व्याकरण लिहिलं" एवढंच शिकवलं. श्रीरामपूरच्या छापखान्याचे खिळे (छपाईची अक्षरं) पाडणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर, त्यांचंही तेच. नावं छापखान्याच्या बाहेर आलीच नाहीत.

आणि बाप्टिस्टांच्या बाबतीत तर यादीचा हट्ट आणखीच चुकीचा. त्यांच्यात बिशप नाही. पाळकाला मंडळीच बोलावते, सभासद मत देतात, पटलं नाही तर मंडळीच निरोप देते. म्हणजे घराचे मालक सभासद. त्यांना वगळून पाळकांची यादी करणं म्हणजे वाड्याचा इतिहास म्हणून फक्त भाडेकरूंची नावं लिहिणं.

पाळकांना वगळा असं मात्र मी म्हणत नाही, हे मध्येच सांगायला हवं होतं. वॉर्डने रोजनिशी लिहिली नसती तर कृष्ण पालच्या घरचं आपल्याला इतकं कळलंच नसतं. केरीचंही काम थोर आहे. त्याचं मराठी मुंबईकडे रुळलं नाही, अमेरिकन मिशनऱ्यांना नवा करार नव्याने भाषांतरित करावा लागला, तरी सुरुवात त्याची. साल-सनावळ लावायलाही यादी उपयोगाची असते. ती परिशिष्टात टाका.

कागद हवे असतील तर श्रीरामपूर कॉलेजच्या केरी लायब्ररीत जा. बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीचे जुने कागद ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजमधल्या अँगस लायब्ररीत आहेत, तिथे आधी लिहून विचारावं लागतं. चर्चच्या कचेरीत गेलात तर पाळकांची फाइल मागण्याआधी सभासदांची वही आणि सभांचे वृत्तांत मागा. ज्या वर्षी पाळक नव्हता ते वर्ष आधी शोधा, आणि त्या वर्षी चावी कोणाकडे होती ते विचारा.

मामा अजून कमिटीवर आहेत. हे उत्तर त्यांचा मुलगा त्यांना वाचून दाखवेल, म्हणून इथेच लिहिते: मामा, सव्वाशे वर्षांची स्मरणिका निघायची आहे. ती चार पानं माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत. घरची जाहिरात वाटत असेल तर आजीवर फक्त दोन ओळी घ्या, पण बाकी दोघींची नावं पूर्ण छापा, आणि "पद रिक्त" हे दोन शब्द काढा.