उताराचा वेग आणि पाटीवरचा आकडा

प्रश्न : मी दर आठवड्याला साताऱ्याहून पुण्याला कारने येतो. कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत उतार लागतो. सगळ्याच गाड्या तिथे सत्तर-ऐंशीने असतात, पाटीवरचा आकडा मात्र बराच कमी. परवा मोबाइलवर चलान आलं. बहुतेक लोक ज्या वेगाने सहज गाडी चालवतात, तीच मर्यादा का ठेवत नाहीत? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं म्हणणं हवेतलं नाही. वेगमर्यादा ठरवायची एक जुनी रीत अगदी अशीच आहे आणि अमेरिकेत ती अजून चालते. रस्ता मोकळा असताना गाड्यांचे वेग मोजायचे, शंभरातल्या 85 गाड्या ज्या वेगाच्या आत असतील त्याच्या आसपास मर्यादा लावायची. बांधकाम खात्यात असताना आम्हीही वेग मोजायचो. डांबरावर चुन्याच्या दोन रेघा, हातात स्टॉपवॉच. पण पिवळं जाकीट दिसलं की सगळे ड्रायव्हर सज्जन होतात, म्हणून आमचा माणूस रसवंतीच्या आडोशाला बसायचा. (रसाचे पैसे कोणत्या खात्यात पडले, ते विचारू नका.)

या रीतीत मेख अशी, की तिथे मत फक्त स्टिअरिंग धरलेल्याचं घेतलं जातं. एसटी थांब्यावरून पलीकडे जाणाऱ्या आजी किंवा उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर यांना कोणी विचारत नाही.

शिवाय तुमच्या त्या उतारावर ऐंशीचा वेग तुमचा नसतोच, उताराचा असतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी काटा चढत राहतो. काही ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात. मग इंजिन गाडीला आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि खाली पुलाशी गाड्या तुंबलेल्या असताना ब्रेक लागत नाहीत. याउलट शहाणा ट्रकवाला खालच्या गिअरमध्ये पस्तिशीने उतरतो. त्याच्या मागून तुम्ही ऐंशीने आलात, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला साडेबारा मीटरने मिटतं. पन्नास मीटरवर तो दिसला तर तुमच्या हातात चार सेकंद, आणि शेजारची लेन रिकामी असेलच असं नाही. कारची मर्यादा वाढवली की हे चार सेकंदही कमी होतात. तिथला कमी आकडा मला पटतो, चलान तेवढं भरून टाका.

मात्र सगळ्याच पाट्यांची वकिली मी करणार नाही. मोरीचं काम कधीच उरकलेलं असतं, तरी वळणमार्गाची 20ची पाटी तिथेच उभी. ती पाळली तर मागचा हॉर्न वाजवून जीव नकोसा करतो. अशा पाट्यांमुळे लोकांची नजर मरते आणि मग उतारावरची खरी पाटीही कोणी वाचत नाही. अशी पाटी दिसली की गाडी नीट बाजूला घेऊन फोटो काढा, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहून घ्या आणि तक्रार करा. नुसतं ‘गावाजवळ पाटी आहे’ म्हणून कळवलं तर कोणी हलत नाही, हे मी आतून पाहिलंय. तसंच, गावातून चौपदरी, सरळसोट, गुळगुळीत रस्ता काढायचा आणि कडेला 40 लिहायचं, हा आम्हा इंजिनिअरांचा आळस आहे. तिथे लेन अरुंद करा, रम्बलर टाका, दुभाजकात थांबायला जागा द्या. वेग आपोआप उतरतो.

प्रश्न : समृद्धीवर कारला 120, मग मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 100च का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : समृद्धीची आखणीच सपाट भागात 150च्या वेगासाठी झाली आहे. 2002 साली पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे मार्गाच्या मधोमध बोरघाट आहे, गर्दीही कितीतरी जास्त. तरी हिशेब करून पाहा : घाट नाहीच असं धरून सगळे 94.5 किलोमीटर 120ने कापले, तरी 100च्या तुलनेत साडेनऊ मिनिटंही वाचत नाहीत. खालापूरच्या टोलनाक्यावर रांग असली तर तीही तिथेच जातात.