नायजेरियाची ‘कर्जमाफी’ आणि न्गोझी ओकोन्जो-इवेला

जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक न्गोझी ओकोन्जो-इवेला यांनी नायजेरियाच्या अर्थमंत्री असताना देशाला प्रचंड कर्जमाफी मिळवून दिली हे खरे का, आणि मंत्री म्हणून त्यांना कितपत यशस्वी मानावे, असे आपण विचारले आहे.

‘कर्जमाफी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सातबारा कोरा होतो. येथे तसे झाले नाही. पॅरिस क्लबमधील धनको देशांचे नायजेरियाकडे सुमारे ३० अब्ज डॉलर येणे होते आणि त्यात थकलेल्या व्याजाचा व दंडाचा वाटा मोठा होता. २००५ च्या करारानुसार १८ अब्ज डॉलर सोडून देण्यात आले, परंतु उरलेले सुमारे १२ अब्ज डॉलर नायजेरियाने एप्रिल २००६ पर्यंत रोख चुकते केले. माझ्या मते कौतुक करायचे तर ते या रोख रकमेचे करावे, कारण तेलाचे भाव चढले की आलेला पैसा त्याच वर्षी उधळायचा ही त्या देशाची जुनी सवय होती. ओकोन्जो-इवेला यांनी अंदाजपत्रक तेलाचा भाव मुद्दाम कमी धरून मांडले आणि त्या भावापेक्षा जास्त मिळालेले उत्पन्न २००४ पासून वेगळ्या खात्यात साठवायला सुरुवात केली. शिवाय, कोणत्या राज्याला दरमहा केंद्राकडून किती वाटा मिळाला याचे आकडे त्यांनी वर्तमानपत्रांत छापायला लावले, त्यामुळे रस्ता का झाला नाही असे लोक गव्हर्नरांना, म्हणजे राज्यांच्या निवडून आलेल्या प्रमुखांना, आकड्यांनिशी विचारू शकले. ‘ओकोन्जो-वहाला’ हे त्यांचे टोपणनाव याच काळातले. नायजेरियन पिजिनमध्ये ‘वहाला’ म्हणजे कटकट.

त्यांचा जन्म १३ जून १९५४ रोजी ओग्वाशी-उकू या गावी, प्राध्यापक आई-वडिलांच्या पोटी झाला. वडील पुढे त्या गावचे पारंपरिक राजेही झाले. १९६७ ते १९७० या काळातील बियाफ्रा युद्धात (नायजेरियातील यादवी युद्धात) कुटुंबाची वाताहत झाली. मलेरियाने तापलेल्या तीन वर्षांच्या बहिणीला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या आणि गर्दीमुळे दार गाठता येईना तेव्हा खिडकीतून आत शिरल्या, ही आठवण त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. पुढे हार्वर्डमधून पदवी, १९८१ मध्ये एमआयटीमधून डॉक्टरेट, जागतिक बँकेत दीर्घ नोकरी आणि २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांच्या बोलावण्यावरून अर्थखाते, असा त्यांचा प्रवास झाला. कर्जाचा प्रश्न सुटल्यावर, जून २००६ मध्ये, त्यांना परराष्ट्र खात्यात हलवण्यात आले; अर्थविषयक पथकाचे नेतृत्वही काढून घेतल्यावर त्यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला.

२०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी त्यांना परत आणले, आणि त्यांचे मूल्यमापन अवघड होते ते येथून. १ जानेवारी २०१२ रोजी पेट्रोलवरील अनुदान एकाएकी बंद झाले व लिटरचा भाव ६५ नायरांवरून (नायरा हे तिथले चलन) सुमारे १४१ नायरांवर गेला. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय समर्थनीय होता, कारण अनुदानाच्या नावाखाली आयातदार खोटी बिले लावत होते. पण नायजेरियातील सामान्य माणसाला सरकारकडून प्रत्यक्ष मिळणारी वस्तू म्हणजे जवळपास तेवढे स्वस्त पेट्रोलच होते. देशभर संप झाला आणि दोन आठवड्यांत भाव ९७ नायरांवर आणावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्या ८० पार केलेल्या आईचे अपहरण झाले आणि मुलीने दूरचित्रवाणीवरून राजीनामा जाहीर करावा, अशी मागणी अपहरणकर्त्यांनी केली. राजीनामा दिला गेला नाही; पाच दिवसांनी आई सुटली.

तेलाच्या उत्पन्नातील अब्जावधी डॉलर तिजोरीत आलेच नाहीत, असे मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर सनुसी यांनी जाहीरपणे म्हटले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांनाच निलंबित केले. ओकोन्जो-इवेला यांनी न्यायवैद्यक लेखापरीक्षणाची, म्हणजे गैरव्यवहार शोधणाऱ्या हिशेबतपासणीची, मागणी केली, पण त्या मंत्रिमंडळातच राहिल्या. तेव्हाच त्यांनी पद सोडले असते तर त्यांचे वजन वाढले असते, असे मला वाटते.

साठवणुकीच्या खात्याची कथाही अशीच आहे. राज्यांचा वाटा रोखून ठेवण्याला राज्यघटनेचा आधार नाही, असे म्हणत राज्यांचे गव्हर्नर न्यायालयात गेले होते आणि वाटप होत होत ते खाते आटत गेले. २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले, तेव्हा ज्या दिवसांसाठी ओकोन्जो-इवेला यांनी ते उघडले होते ते दिवस आले होते आणि खात्यात फारसे काही उरले नव्हते.