कार्यालयातील टेलिफोन इंटरनेटवर नेताना : वाचकांचे प्रश्न

कार्यालयातील जुनी टेलिफोन व्यवस्था इंटरनेटवर नेताना येणाऱ्या अडचणींविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. तक्रार बहुतेक वेळा टेलिफोनच्या संचाबद्दल असते आणि दोष मात्र आवाज ज्या वाटेने जातो त्या वाटेत असतो. म्हणून नवा संच मागवण्याआधी ही वाट तपासावी, असा माझा आग्रह राहील.

प्रश्न : आमच्याकडे बारा साधे टेलिफोन आणि दोन लँडलाइन आहेत. सगळे एकदम बदलणे शक्य नसल्याने आम्ही साधे टेलिफोन आणि लँडलाइन इंटरनेट टेलिफोनला जोडणारा एक गेटवे आणला. त्याच्या काही पोर्टवर एफएक्सएस आणि काहींवर एफएक्सओ असे लिहिले आहे. लँडलाइनची तार मोकळ्या पोर्टमध्ये घातली, पण बाहेरचा फोन लागत नाही. काय चुकले असेल?

उत्तर : ती तार एफएक्सएस पोर्टमध्ये गेली असेल, तर आधी ती काढून घ्यावी. दोन्ही पोर्ट दिसायला सारखे असले तरी त्यांची कामे परस्परविरुद्ध आहेत. एफएक्सएस पोर्ट टेलिफोन एक्स्चेंजचे काम करतो, म्हणजे लाइनला विद्युत दाब देतो, डायल टोन देतो आणि घंटी वाजवण्यासाठी लागणारा वीजप्रवाह पाठवतो. त्यामुळे त्याला साधा टेलिफोन जोडायचा असतो. एफएक्सओ पोर्ट टेलिफोनसारखा वागतो आणि बाहेरून आलेली लाइन स्वीकारतो. ज्या तारेतून टोन येतो ती एफएक्सओमध्ये आणि ज्या यंत्राला टोन द्यायचा ते एफएक्सएसमध्ये, एवढे लक्षात ठेवले की पुरते. एक्स्चेंजची लाइन एफएक्सएसला जोडल्यास दोन वीजपुरवठे समोरासमोर येतात आणि बाहेरून घंटीचा उच्च दाब आला की पोर्ट जळू शकतो. आपला पोर्ट शाबूत आहे का, हे त्याला एखादा साधा टेलिफोन जोडून टोन येतो का ते ऐकल्यावर कळेल.

पुढची मांडणी क्रमाने करावी. गेटवेला स्थानिक नेटवर्कमधला कायमचा पत्ता द्यावा, पीबीएक्सवर, म्हणजे कार्यालयातले फोन एकमेकांना आणि बाहेर जोडणाऱ्या यंत्रणेवर, प्रत्येक पोर्टसाठी एक एक्स्टेंशन (आतला क्रमांक) तयार करावे, त्याचे नाव, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता गेटवेमध्ये भरावा आणि नोंदणी झाल्याचे दिसल्यावर प्रथम एका एक्स्टेंशनवरून दुसऱ्याला फोन लावून पाहावा. आतल्या आत बोलणे स्वच्छ झाल्याशिवाय बाहेरच्या लाइनला हात लावू नये, कारण दोन्ही एकदम सुरू केले की बिघाड कोणत्या बाजूला आहे हे शोधण्यात दिवस जातो.

एफएक्सओच्या बाबतीत दोन गोष्टींकडे हमखास दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे समोरच्याने फोन ठेवला हे गेटवेला कळणे. साध्या दोन तारांच्या लाइनवर हे आपोआप कळेलच असे नाही; काही एक्स्चेंज त्या क्षणी लाइनची ध्रुवता उलटवतात, तर काही केवळ व्यग्रतेचा टोन ऐकवतात. आपल्या लाइनवर यांपैकी काय होते ते पाहून तसा पर्याय निवडावा आणि टोनवर अवलंबून राहायचे असेल तर त्याची वारंवारता व लय देशानुसार अचूक भरावी. अन्यथा संभाषण संपल्यावरही लाइन अडकून राहते आणि बाहेरून फोन करणाऱ्याला ती सतत व्यग्र मिळते. दुसरी गोष्ट प्रतिध्वनीची. दोन तारांवरचा आवाज गेटवेमध्ये जाणारा आणि येणारा असा वेगळा केला जातो. तिथे लाइनचा आणि पोर्टचा इम्पिडन्स (विद्युत विरोध) जुळला नाही की बोलणाऱ्याचा आवाज परत फिरतो. अशा वेळी आधी इम्पिडन्सचे दुसरे पर्याय लावून पाहावेत आणि मग आवाजाची पातळी थोडी उतरवावी. अनेक जण याच्या उलट, आवाज वाढवत जातात आणि त्याबरोबर प्रतिध्वनीही वाढतो.

प्रश्न : बाहेरून आलेला फोन उचलला की आम्हाला समोरचे ऐकू येते, पण आमचे त्यांना ऐकू जात नाही, कधी याच्या उलट होते. काही फोन साधारण अर्ध्या मिनिटाने आपोआप तुटतात. दोन हँडसेट बदलून पाहिले, फरक पडला नाही.

उत्तर : हँडसेट बदलून फरक पडणार नव्हता, आणि त्यासाठी झालेल्या खर्चाचे मला मनापासून वाईट वाटते. इंटरनेट टेलिफोनमध्ये दोन स्वतंत्र प्रवाह असतात. फोन लावणे, घंटी वाजवणे, उचलणे आणि ठेवणे यांचे निरोप एसआयपी या पद्धतीने, बहुधा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून जातात (येथे पोर्ट म्हणजे तार घालायची खाच नव्हे, तर नेटवर्कवरची क्रमांक दिलेली वाट). प्रत्यक्ष आवाज आरटीपी पद्धतीने दुसऱ्याच पोर्टवरून जातो आणि ते पोर्ट प्रत्येक संभाषणासाठी नव्याने ठरतात. ‘मला आवाज या पत्त्यावर पाठवा’ असे प्रत्येक बाजू एसआयपी निरोपाच्या आत लिहून कळवते. आपला टेलिफोन राउटरच्या मागे आहे, त्यामुळे त्याला स्वतःचा आतला पत्ताच ठाऊक असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०, आणि तोच तो निरोपात लिहितो. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, पण पाकिटाच्या आतल्या चिठ्ठीवरचा पत्ता तसाच राहतो. समोरची बाजू आवाज त्या आतल्या पत्त्यावर पाठवते आणि तो कोठेच पोहोचत नाही. घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण आवाज एकाच बाजूने येतो, याचे हे कारण आहे. जी बाजू बहिरी राहते, तिच्याकडे येणारी वाट तुटलेली असते, असे धरून शोध घ्यावा.

उपाय असा : पीबीएक्सच्या मांडणीत आपल्या जोडणीचा बाहेरचा पत्ता आणि आतल्या नेटवर्कची मर्यादा या दोन्ही नोंदी भराव्यात, म्हणजे बाहेर जाणाऱ्या निरोपात तो योग्य पत्ता लिहील. आवाजासाठी पोर्टची जी मालिका पीबीएक्समध्ये ठरवली असेल, तीच राउटरवर पीबीएक्सकडे वळवावी. एक्स्टेंशन मोजकी असतील तर ती मालिका आटोपशीर ठेवणे चांगले. यानंतर राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय बंद करावी. ही सोय निरोपातले पत्ते राउटरनेच दुरुस्त करावेत या हेतूने दिलेली असते, पण बऱ्याच राउटरमध्ये ती ते काम अर्धवट करते, आणि पीबीएक्सने नीट लिहिलेला निरोपही बिघडवते. एका कार्यालयात मी दोन दिवस पीबीएक्सच्या नोंदी चाळत बसलो होतो. शेवटी ही एक सोय बंद केली आणि सगळे फोन बोलू लागले. तेव्हापासून मी सुरुवात तिथूनच करतो.

अर्ध्या मिनिटाने तुटणाऱ्या फोनचे मूळही त्याच पत्त्यात आहे. घड्याळ लावून पाहिलेत तर तो काळ ३२ सेकंदांच्या आसपास भरेल. फोन उचलणारी बाजू ‘२०० ओके’ असा निरोप पाठवते आणि लावणाऱ्याकडून त्याची पोच, म्हणजे ‘ॲक’, येण्याची वाट पाहते. पोच आली नाही तर ती तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवते. मूळ कालमान ५०० मिलिसेकंद आणि त्याच्या ६४ पट थांबायचे, असा एसआयपीचा नियम आहे. म्हणजे ३२ सेकंदांनी ती बाजू संभाषण संपवते. पोच चुकीच्या पत्त्यावर जात असल्यामुळे हे घडते, तेव्हा पत्ता सुधारला की दोन्ही तक्रारी बहुधा एकाच वेळी संपतील. एखादा फोन पंधरा किंवा तीस मिनिटांनीच नेमका तुटत असेल, तर मात्र संभाषण चालू असल्याची वेळोवेळी खात्री करणारा सेशन टायमर तपासावा. त्याचा नेहमीचा अवधी १८०० सेकंदांचा असतो आणि नूतनीकरण साधारण त्याच्या निम्म्यावर होते.

प्रश्न : सकाळी आवाज उत्तम असतो, दुपारी मोठ्या फाइल पाठवणे सुरू झाले की शब्द तुटतात. आमच्याकडे एकाच वेळी दहा जणांपेक्षा जास्त कोणी बोलत नाही. इंटरनेटचा वेग वाढवावा का?

उत्तर : आधी हिशेब करू. जी.७११ या सर्वांत प्रचलित कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीत, आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. दर २० मिलिसेकंदांनी एक याप्रमाणे सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, जातात. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट आणि पत्त्यांचे ४० बाइट असतात. म्हणजे एका संभाषणाला प्रत्येक दिशेने ८० किलोबिट, आणि इथरनेटचा भार धरला तर सुमारे ८७ किलोबिट लागतात. दहा संभाषणे एका मेगाबिटच्या आत बसतात. एवढा वेग आपल्याकडे नक्कीच असेल, तेव्हा प्रश्न रांगेचा आहे. मोठी फाइल जाऊ लागली की १५०० बाइटच्या पॅकेटची रांग राउटरच्या दारात लागते आणि आवाजाचे इवलेसे पॅकेट तिच्या मागे उभे राहते. अपलोडचा वेग एक मेगाबिट असेल तर असे एकच पॅकेट जायला १२ मिलिसेकंद लागतात. वीस पॅकेट पुढे असतील तर २४० मिलिसेकंद तिथेच गेले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, म्हणजे संभाषण सहज वाटते.

म्हणून वेग विकत घेण्याआधी आवाजाला अग्रक्रम द्यावा. टेलिफोनने आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही खूण लावावी, राउटरने ती ओळखून त्यांना पुढे काढावे आणि राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या किंचित खाली, साधारण नव्वद टक्क्यांवर ठेवावी. या शेवटच्या पायरीचे महत्त्व फार थोड्यांच्या लक्षात येते : मर्यादा घातली नाही तर रांग सेवा देणाऱ्याच्या मॉडेममध्ये लागते, आणि तिथे आपल्या अग्रक्रमाला कोणी विचारत नाही. टेलिफोनसाठी स्विचवर स्वतंत्र व्हीलॅन (त्याच तारांवरचे वेगळे आभासी नेटवर्क) केल्यास आतली गर्दीही वेगळी राहते. जी.७२९ हे कोडेक आवाज ८ किलोबिटमध्ये बसवते खरे, पण पत्त्यांचा भार तोच राहत असल्याने प्रत्यक्षात २४ किलोबिट लागतात आणि आवाजाचा दर्जा उतरतो. आपल्या स्थितीत त्याची गरज मला दिसत नाही.

प्रश्न : वीज गेली की सगळे टेलिफोन बंद पडतात. पूर्वी असे होत नसे.

उत्तर : पूर्वी साध्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून, त्याच तारांवरून मिळत असे. आता स्विच, राउटर, मॉडेम आणि पीबीएक्स हे चारही यूपीएसवर असले पाहिजेत. यांतले एक जरी राहिले तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. टेलिफोनना नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा पीओई स्विच घेतल्यास प्रत्येक टेबलावर वेगळा यूपीएस लागत नाही. ८०२.३ एएफ या मानकात स्विच एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो, पण चोवीस पोर्टच्या स्विचची एकूण क्षमता सगळ्या पोर्टना एवढे पुरवण्याइतकी असेलच असे नाही, म्हणून तो आकडा खरेदीपूर्वी पाहावा. एक लँडलाइन साध्या टेलिफोनसह राखून ठेवावी. आग लागली किंवा कोणी अत्यवस्थ झाले, तर त्या एका टेलिफोनचे मोल कळते.

प्रश्न : बँकेच्या स्वयंचलित सेवेला फोन केला की आकडे दाबूनही ते स्वीकारले जात नाहीत. फॅक्सही अर्धवट जातो.

उत्तर : आकड्यांचे टोन आवाजात मिसळून पाठवले तर आवाज आकसवणारी कोडेक ते विद्रूप करतात. टेलिफोन, पीबीएक्स आणि सेवा देणारी कंपनी या तिन्ही ठिकाणी आकडे आवाजात न मिसळता वेगळे पाठवणारे आरएफसी २८३३, किंवा त्याची सुधारित आवृत्ती असलेले आरएफसी ४७३३, हाच पर्याय ठेवावा. फॅक्ससाठी कंपनी टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत) देत असेल तर ते वापरावे. देत नसेल तर त्या पोर्टला फक्त जी.७११ ठेवून शांतता गाळण्याची, म्हणजे आवाज नसताना पॅकेट न पाठवण्याची, सोय बंद करावी.

प्रश्न : एका रात्रीत आमच्या पीबीएक्सवरून परदेशी क्रमांकांना कितीतरी फोन गेले. कार्यालयात कोणीही नव्हते.

उत्तर : सेवा देणाऱ्या कंपनीला आजच कळवून परदेशी फोन बंद करून घ्या, मग सर्व एक्स्टेंशन, व्हॉइसमेल आणि व्यवस्थापनाच्या पानांचे पासवर्ड बदला. एखाद्या एक्स्टेंशनवर फोन बाहेरच्या क्रमांकाकडे वळवण्याची आज्ञा ठेवून दिली आहे का, हेही पाहा. पासवर्ड बदलल्यावरही ती तशीच काम करत राहते. इंटरनेटवर ५०६० पोर्ट उघडा दिसला की यंत्रे रात्रंदिवस त्यावर पासवर्ड लावून पाहतात, आणि १०१ या एक्स्टेंशनचा पासवर्ड १०१ असेल तर तो सापडायला वेळ लागत नाही. फायरवॉलमध्ये एसआयपीची वाट केवळ सेवा देणाऱ्याच्या पत्त्यांपुरती उघडी ठेवा, घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेने) आत घ्या आणि चुकीचा पासवर्ड वारंवार देणारा पत्ता आपोआप अडवला जाईल अशी सोय करा. पोर्टचा क्रमांक बदलल्याने चाचपडणाऱ्यांची संख्या घटते, पण केवळ त्यावर विसंबू नये. परदेशी फोन पुन्हा सुरू करताना ते गरजेच्या देशांपुरते, कामाच्या वेळेपुरते आणि पिन विचारूनच लागतील असे करा, आणि दिवसाच्या खर्चाची मर्यादा पीबीएक्सवर न ठेवता कंपनीकडेच घालून घ्या. पीबीएक्स दुसऱ्याच्या ताब्यात गेला तरी ती मर्यादा त्याला काढता येणार नाही.