ताई, हे नक्की काय होतं?

या महिन्याच्या पत्रांत व्हिसा, विमान, हॉटेल असला एकही प्रश्न नाही, सगळे ताटातले. सुट्टीत सगळ्यांच्याच ट्रिपा झालेल्या दिसतायत. दोनतीन पत्रं फार लांब होती ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, आम्ही घरचे सहाजण हनोईला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज चालायला बाहेर पडलो आणि एका गल्लीतल्या बाजारात टेबलावर भाजलेलं अख्खं कुत्रं, दात दिसत होते हो त्याचे. सासूबाई तिथेच मटकन खाली बसल्या. आमच्याकडे अकरा वर्षांचा मोती आहे आणि तो त्यांच्याच पायाशी झोपतो. त्यानंतर चार दिवस त्यांनी बाहेरचा भातसुद्धा खाल्ला नाही, केळी आणि आपला चिवडा. मला दोन गोष्टी विचारायच्यात, आधी जे खाल्लं त्यात ते असेल का? आणि अशा देशात परत पैसे घालवायला जावं का? – एक सून, डोंबिवली

उत्तर : पहिल्याचं उत्तर लगेच देते म्हणजे सासूबाई जेवतील. नव्हतं. कुत्र्याचं मांस तिकडे वेगळ्या दुकानात मिळतं, पाटीवर सरळ 'थित चो' लिहिलेलं असतं (व्हिएतनामची लिपी रोमनच आहे, फोटो काढून ठेवा, वाचता येतं) आणि ते मुद्दाम मागून खायचं मांस आहे, तुमच्या नूडल्समध्ये गुपचूप कोण कशाला घालेल. उत्तरेकडे चांद्रमहिना संपत आला की खातात, महिन्याभराचं अशुभ धुऊन जातं म्हणे, आणि नवा महिना लागला की तेच लोक टाळतात. म्हणजे आपल्यासारखंच, तिथी बघून.

दुसरा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर मी बरेच दिवस घुटमळतेय. मी स्वतः खाणार नाही. पण का नाही, याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर माझं पहिलं कारण फक्त हेच की मला सवय नाही. माझ्या मामाच्या गावी जत्रेसाठी बोकड पाळायचे, आम्ही पोरं त्याचं नाव ठेवायचो, पाला खाऊ घालायचो, आणि जत्रेच्या दिवशी सगळी रडत रडत शपथ घ्यायचो की जेवणार नाही. संध्याकाळपर्यंत जेवायचो नाही. संध्याकाळी जेवायचो. त्यामुळे 'शी, कसे लोक' हे वाक्य माझ्या तोंडून नीट निघत नाही.

पण सवय बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे ही कुत्री येतात कुठून. कोंबड्या-डुकरांसारखी सगळी पाळून वाढवलेली नसतात, कितीतरी घरासमोरून चोरलेली असतात, आणि खेड्यांत कुत्राचोर सापडला तर लोक जीव घेईपर्यंत मारतात इतका राग आहे. म्हणजे ज्यांच्यावर तुमच्या सासूबाई चिडल्यात त्यांच्यातलेच कितीतरी त्यांच्या बाजूचे आहेत! शिवाय रेबीज. शिजवलेल्या मांसातून तो होत नाही पण पकडणारा आणि कापणारा यांना धोका असतो. २०१८ मध्ये हनोईच्या प्रशासनानेच लोकांना हे खाणं सोडा म्हणून आवाहन केलं आणि २०२१ च्या डिसेंबरात होई आन शहराने कुत्र्यामांजरांचं मांस बंद करत नेण्याचा करार केला. दक्षिण कोरियाने तर जानेवारी २०२४ मध्ये कायदाच केला, एकही मत विरोधात पडलं नाही, २०२७ पासून खाण्यासाठी कुत्री पाळणं, मारणं, विकणं गुन्हा. गंमत अशी की नुसतं खाणाऱ्याला त्यात शिक्षा नाही.

आणि 'अशा देशात' म्हणताना एक लक्षात घ्या, विमानात न बसताही हा वाद आपल्याकडे आहे. नागालँड सरकारने जुलै २०२० मध्ये विक्रीवर बंदी घातली, जून २०२३ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाच्या कोहिमा खंडपीठाने ती रद्द केली. आता आपल्याच देशात परत जावं का, असं विचारणार का? जा हो परत. फक्त सकाळचं चालणं तळ्याच्या बाजूला ठेवा, होआन कीमला, बाजाराच्या बाजूला नको.

प्रश्न : वडील माळकरी आहेत. व्हिएतनाममधल्या दानांगला तीन दिवस ते स्प्रिंग रोल आणि पपईचं सॅलड आवडीने खात होते, व्हेज आहे म्हणून सांगूनच आणलं होतं. चौथ्या दिवशी गाइड हसत हसत म्हणाला की त्या पातळ चटणीत मासा असतो. वडील काही बोलले नाहीत पण रूमवर जाऊन आंघोळ केली आणि मग घरी येईपर्यंत दुधावर. मला फार अपराधी वाटतंय. – एक मुलगा, सोलापूर

उत्तर : गाइड हसला याचाच मला जास्त राग आला.

त्याने खोटं सांगितलं असं मात्र नाही. तिकडे 'व्हेज' म्हणजे ताटात मांसाचे तुकडे नाहीत, एवढाच अर्थ पुष्कळ ठिकाणी. चव देणारा जो रस असतो, नुक माम, तो छोटे मासे आणि मीठ लाकडी पिंपात वर्षभर मुरवून काढतात, आणि आपण जसं फोडणीतल्या हिंगाला 'पदार्थ' म्हणत नाही तसं ते त्याला मासा म्हणत नाहीत. फो नावाचं सूप नूडल्स 'मांस नको' म्हणून मागवलं तर वरचे तुकडे काढून देतील पण खालचं पाणी हाडांचंच.

उपाय सोपा आहे आणि कोणी सांगत नाही. शब्द आहे 'आन चाय', म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. चहाशी संबंध नाही! पाटीवर 'कम चाय' दिसलं की बिनधास्त आत जायचं, तिथे चटणीसुद्धा सोयाबीनची असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तर कितीतरी व्हिएतनामी घरं मांस-मासे सोडतात, हे वडिलांना जरूर सांगा, त्यांना बरं वाटेल की तिकडेही असं पाळणारी माणसं आहेत. थायलंडला गेलात तर 'जे' शब्द, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसतं. त्यात कांदा-लसूणसुद्धा नसतो. (जैन वाचकांनो, बटाटा-गाजर मात्र चालतं त्यांना, तेवढं विचारा.)

माळेचं काय करायचं हे मी सांगणारी कोण. ते त्यांच्या फडावरच्या महाराजांना विचारतील. तुम्ही मात्र 'जाऊ द्या हो, त्यात काय एवढं' असं म्हणू नका, ते एक वाक्य सोडून काहीही म्हणा.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, बँकॉकला जाऊन खाओ सान रोडवर विंचू खाणार म्हणून मित्रांशी पैज लावून बसलाय, व्हिडिओ काढायचाय. कोळंबी खाल्ली की त्याच्या अंगावर गांधी उठतात हे सोडलं तर तब्येत ठणठणीत आहे. खाऊ द्यावं का? – आई, नाशिक

उत्तर : अहो, 'हे सोडलं तर' काय! तेच तर महत्त्वाचं आहे. कोळंबी, खेकडे, किडे, विंचू हे सगळे एकाच मोठ्या कुळातले, ज्या प्रथिनाने कोळंबीची ॲलर्जी होते तसलंच किड्यांतही असतं. त्याला एक नाकतोडासुद्धा देऊ नका, गंमत म्हणूनही नाही. पैज हरली तर हरली.

आता ज्यांना ॲलर्जी नाही त्यांच्यासाठी. काडीला टोचलेला मोठा काळा विंचू हा मुख्यतः पर्यटकांसाठी मांडलेला तमाशा आहे, काही गाड्यांवर फोटोचेसुद्धा दहा बात मागतात. थाई माणूस संध्याकाळी पिशवीत घेऊन जातो ते तळलेले नाकतोडे, रेशमाच्या कोषातले किडे आणि बांबूतल्या पांढऱ्या अळ्या, ज्यांना ते 'रोट दुआन' म्हणजे एक्सप्रेस गाडी म्हणतात. अळ्या मी खाल्ल्यात. कुरकुरीत, आत काही नाही, खारवलेल्या मुरमुऱ्यासारख्या. पहिली तोंडात टाकायला दहा मिनिटं लागली आणि बाकीची पिशवी संपायला पाच.

कंबोडियात स्कुन नावाच्या गावी तळलेले मोठे कोळी मिळतात, लसूण-मीठ-साखर लावून. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीत, १९७५ ते ७९, लोक भुकेने मरत होते तेव्हा हे खाणं पसरलं असं तिथले सांगतात. तो कोळी हातात धरून तोंड वेडंवाकडं करत सेल्फी काढताना मला तरी लाज वाटली, मी काढला आणि डिलीट केला.

आणि किडे म्हणजे परदेशीच असं काही नाही बरं का. गडचिरोलीत माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात, आणि ओडिशातल्या सिमिलिपालच्या काई चटणीला, तीही लाल मुंग्यांचीच, जानेवारी २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला. आपल्या आंब्यासारखा.

प्रश्न : बालीहून लुवाक कॉफी आणलीय, महाग पडली. घरात कोणी पीत नाहीये कारण मी चुकून सांगून बसले की ती कशातून काढतात. टाकवत नाही. – पुणे ३०

उत्तर : उदमांजराच्या विष्ठेतून काढतात, बोला स्पष्ट. पण बी धुतात, वरचं साल काढतात, मग कडक भाजतात, त्यामुळे घाणीच्या भीतीने टाकायची तर टाकू नका, तितकी स्वच्छ आहे.

मला त्रास झाला तो वेगळ्या कारणाने. तुम्हालाही गाडीवाल्याने वाटेत 'कॉफी फार्म'ला थांबवलं असणार, दहाबारा कपांचा ट्रे फुकट, लुवाकचा कप विकत, आणि शेजारी पिंजऱ्यात एक उदमांजर गोल गोल फिरत होतं, बघितलंत? तो रात्रीचा प्राणी आहे, एकटा हिंडणारा, फळं, किडे, जे मिळेल ते खाणारा. त्याला दिवसा लोकांसमोर पिंजऱ्यात ठेवून कॉफीची फळंच कोंबायची. मूळ गोष्ट जंगलात पडलेल्या बिया वेचण्याची आहे, डच मळ्यांवरच्या मजुरांची, त्यांना तोडलेली कॉफी घ्यायला मनाई होती म्हणून. आता पाकिटावर 'वाइल्ड' छापलेलं असतं ते तुम्हीआम्ही तपासू शकत नाही.

घेतलीय ती पिऊन टाका. मैत्रीण बालीला निघाली की तिला पिंजऱ्याचं सांगा, विष्ठेचं नको, विष्ठेने उलट उत्सुकता वाढते.

भराभर तीन :

चिनी काळी अंडी घोड्याच्या मुतात ठेवतात का? – नाही हो. चुना, राख, मीठ, चहा यांच्या लेपात काही आठवडे मुरवतात, वास अमोनियाचा येतो त्यावरून कोणीतरी उठवलेली अफवा.

नवऱ्याने व्हिएतनामहून नाग घातलेली दारूची बाटली आणायची ठरवलीय. – नागाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि आपला वन्यजीव कायदा आहे, कस्टमला उत्तर ते देणार का विचारा. तिथे बसून प्यायची म्हणाले तरी नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग विएंगला दारूतल्या मिथेनॉलच्या विषबाधेने सहा परदेशी पर्यटक गेले. अनोळखी, सुट्टी, घरगुती दारू, तीनही शब्द एकत्र आले की हात मागे.

कोल्हापूरची आहे, रक्ती खाऊन वाढले, व्हिएतनामची रक्ताची डिश चालेल का? – बुन बो हुए नावाच्या नूडल्समधली रक्ताची शिजवलेली वडी खुशाल खा, घरची आठवण येईल. 'तियेत कान' मात्र कच्च्या रक्ताची असते. डुकराच्या कच्च्या रक्तातून मेंदूपर्यंत जाणारा जंतुसंसर्ग होतो, माणसं बहिरी झालीत, गेलीतसुद्धा. कोल्हापूरकर असलात तरी नाही.

प्रश्न : ताई, मी जहाजावर असतो, तिसरा इंजिनियर. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिनो, वयाने मोठा, मला मुलासारखं वागवतो. जहाज मनिलाला लागलं तेव्हा त्याने मुद्दाम माझ्यासाठी बलूट आणलं. फोडलं तर आत पिल्लू, पिसांसकट. माझ्या तोंडून सगळ्यांसमोर जोरात 'ईईई' निघालं आणि मी मेसमधून उठून गेलो. तो काही बोलला नाही पण आता नुसतं गुड मॉर्निंग. अजून पाच महिने एकत्र काढायचेत. – रत्नागिरीकर, सध्या समुद्रात

उत्तर : अरे, 'ईईई' ला भाषा लागत नाही ना, तीच पंचाईत.

बलूट म्हणजे बदकाचं फळलेलं अंडं, साधारण चौदा ते अठरा दिवस उबवलेलं, मग उकडलेलं. मनिलात रात्री फेरीवाले 'बलूऊऊट' ओरडत विकत जातात, जसं आपल्याकडे कुल्फीवाला. त्याने तुला प्रयोग म्हणून नाही दिलं, गावाकडचा खाऊ दिला. तू खाल्लं नाहीस यात काहीच चुकलं नाही. चुकलं ते सगळ्यांसमोर उठून गेलास ते. छातीवर हात ठेवून 'आमच्यात नाही चालत, पण तू आणलंस' एवढं म्हणाला असतास तरी भागलं असतं. टोकाला छोटं भोक पाडून आतला रस आधी पितात, तेवढा घोट घेतला असतास तर त्याने बाकीचं स्वतः आनंदाने संपवलं असतं.

आता दुरुस्ती. माफीचं भाषण करू नकोस, तुमच्या दोघांच्या इंग्रजीत ते आणखी बिघडेल. आईने बॅगेत सुकट किंवा सुके बोंबील भरलेच असतील, रत्नागिरीचा आहेस तू. रविवारी गॅलीत कूकला मस्का लाव, कांदा-मिरची-कोकम घालून सुकटीचं कालवण कर आणि पहिली वाटी बोसनला दे. फिलिपिनो माणूस सकाळी न्याहारीला 'तुयो' म्हणजे सुका खारवलेला मासा भाताबरोबर खातो, त्याला तो वास घरचाच वाटणार. 'ईईई' केलंच तर कॅप्टन करेल, तेव्हा एग्झॉस्ट आधी चालू कर.