त्या एका रकान्यात काय लिहू?

"आधीचं पिल्लू आमच्या हयगयीनं गेलं. दत्तकाच्या फॉर्मात तसं लिहिलं तर दुसरा कुत्रा देतील का?" ही धास्ती घेऊन बरेच जण येतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकूंनी पिशवीतून चार घड्या घातलेला फॉर्म काढला. रस्त्यावरच्या जखमी, टाकून दिलेल्या कुत्र्यांना सांभाळून घर मिळवून देणाऱ्या एका संस्थेचा होता तो. घरात माणसं किती, अंगणाला कुंपण आहे का, सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं. "याआधी कुत्रा होता का? त्याचं काय झालं?" हा रकाना मात्र कोरा. पेन्सिलीनं लिहून इतक्यांदा खोडलेलं की तिथला कागद पातळ झाला होता.

"मॅडम, म्हातारा होऊन मेला असं लिहू काय?"

काका दाराशीच उभे होते. "मी तं म्हणतो, जे झालं थे लिहून टाक," एवढंच बोलले.

मी म्हटलं, फॉर्म राहू द्या, आधी मोत्याचं सांगा. मोत्या चार महिन्यांचा. मागचा मे महिना, पारा 45 वर. ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा ऊन लागलं असेल म्हणून त्याला कैरीचं पन्हं पाजलं. तिसऱ्या दिवशी रक्ताची हगवण. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, पार्वो; पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. संध्याकाळी गेला.

"मीच मारलं जी त्याले."

"छे हो, तुमची काय चूक," असं मी म्हटलं नाही. लस राहिली होती हे खरंच होतं, आणि असल्या दिलाशानं माणूस आणखी एकटा पडतो. पण पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून लस सुरू करायची, ती चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी परत द्यायची, हे काकूंना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणून राहिलं; त्याच्यावर जीव नव्हता म्हणून नाही. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्या रडल्या. मग पेन मागितलं आणि लिहिलं: "लस दिली नव्हती. पार्वोनं गेला. मागच्या मे महिन्यात."

तिसऱ्या दिवशी संस्थेतून फोन आला. रागावणं नाही, काही नाही. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो, म्हणून तुमच्या अंगणात सध्या पिल्लू नको, सगळ्या लसी झालेली तीनेक वर्षांची कुत्री देतो, असं म्हणाले. काकूंनी "म्हातारा होऊन मेला" लिहिलं असतं तर त्याच मातीवर दुसरं पिल्लू आलं असतं. तो विचार आला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

मग दोघं तयारीला लागले. पार्वोला नुसतं फिनाइल पुरत नाही, म्हणून ओटा आणि जुनी भांडी ब्लीचिंगच्या पाण्यानं धुतली. कपाशीवरच्या फवारणीचे डबे आणि उंदरांचं औषध गोठ्यातून हलवून कुलपात ठेवलं. बैलबंडीखाली सावलीत गोणपाट आणि पाण्याचं मातीचं भांडं. नातवाला बजावलं: ती खाताना, झोपताना हात लावायचा नाही. चावली, ओरखडलं तर लपवायचं नाही; साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. लस झालेली कुत्री असली तरीही.

ती आली आणि दोन दिवस बंडीखालून हललीच नाही. काकूंचा फोन: "मॅडम, तिले आमचं घर पसंत नाही काय?" मी म्हटलं, नवी जागा, नवे वास, अनोळखी माणसं. कुणी जवळ जाऊ नका, हाका मारू नका, भाकर ठेवून आपल्या कामाला लागा.

आता दीड महिना झाला. हातातून ती अजून घेत नाही. काकू भाकर ठेवतात, पाठ करून धुणं धुवायला बसतात, आणि मागून खाण्याचा आवाज येईपर्यंत वळून पाहत नाहीत.